ई२० पेट्रोल आणि खोबणीत न बसणारी रिंग

गेले कित्येक महिने एक व्हिडिओ या ग्रुपवरून त्या ग्रुपवर फिरतोय. बाटलीत पेट्रोल घेतात, त्यात थोडं पाणी ओततात, बाटली गदागदा हलवतात आणि मग खाली बसलेला थर ओतलेल्या पाण्यापेक्षा बराच जास्त भरतो. की लगेच "बघा, पंपावर पेट्रोलमध्ये किती पाणी मारतात!" अरे बाबांनो, ते पाणी नाहीये. पेट्रोलमधलं इथेनॉल पाणी दिसल्याबरोबर पेट्रोलची संगत सोडून खाली उतरलंय. ई२० म्हणजे २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल, म्हणून त्याच्या ८० मिलीत १६ मिली इथेनॉल असतं, त्यात २० मिली पाणी घातलं तर खालचा थर पस्तीसेक मिलीचा होणारच. म्हणजे भेसळीचा पुरावा म्हणून जे दाखवतायत ती ई२० मध्ये खरंच इथेनॉल असल्याची पावती आहे. (घरात करून बघू नका, पेट्रोलची वाफ गॅसच्या शेगडीपर्यंत कधी पोचते ते कळत पण नाही.)

पण व्हिडिओ चुकीचा म्हणून जुन्या गाडीवाल्यांची सगळी तक्रार खोटी असं मात्र नाही. आपल्याकडे ई२० ची विक्री फेब्रुवारी २०२३ मध्ये सुरू झाली, ई२० ला चालतील असे पार्ट एप्रिल २०२३ पासूनच्या गाड्यांत आले, आणि रस्त्यावर तर त्याच्या आधीच्या कोट्यवधी गाड्या आहेत. त्यातलीच एक माझी, कार्बोरेटरवाली (कार्बोरेटर म्हणजे पेट्रोल आणि हवा मिसळून इंजिनला देणारा भाग) जुनी स्कूटर.

आधी अ‍ॅव्हरेजचं उरकून टाकू, कारण भांडणं सगळी त्याच्यावर होतात. एक लिटर पेट्रोलमध्ये साधारण ३२ मेगाज्यूल ऊर्जा असते, इथेनॉलमध्ये २१. सरळ गुणाकार करा, ई२० मध्ये साध्या पेट्रोलपेक्षा ७ टक्क्यांच्या आसपास कमी ऊर्जा निघते, आणि १० टक्के इथेनॉलवाल्या ई१० शी तुलना केली तर साडेतीन टक्के. आता कोणी म्हणालं की माझं अ‍ॅव्हरेज ३० टक्के पडलं, तर एवढाच विचार करा की ते २० टक्के इथेनॉल अजिबात जळलंच नाही असं धरलं तरी तूट २० टक्क्यांचीच येते ना! मग बाकीचं टायरच्या हवेत, तुंबलेल्या जेटमध्ये (कार्बोरेटरमधलं पेट्रोल सोडणारं बारीक छिद्र) नाहीतर ट्रॅफिकमध्ये शोधायला हवं. आणि अ‍ॅव्हरेज वाढवायला पेट्रोलच्या पाइपला लावायचे चुंबक विकतात, त्यावर तर बोलायलाच नको. पेट्रोलला चुंबकाशी काही देणंघेणं नसतं.

मला खरं सांगायचंय ते रबराचं.

मागच्या वर्षी स्कूटर सारखी बंद पडायला लागली म्हणून मेकॅनिककडे नेली. त्याने कार्बोरेटर उतरवला, खालची वाटी म्हणजे फ्लोट बाऊल उघडली, जेट साफ केले, सगळं झालं आणि परत लावताना बाऊलची रबरी रिंग काही केल्या खोबणीत बसेना. एका बाजूने दाबली की दुसऱ्या बाजूने वर. मी शेजारी स्टुलावर बसून बघतोय, तीच रिंग, तीच खोबण, वीस मिनिटांपूर्वी तिथूनच निघालेली. शेवटी तो म्हणाला, "साहेब, रबर फुगलंय, आज नाही बसायचं. रात्रभर उघडं ठेवतो, सकाळी या." सकाळी गेलो तर रिंग आपली गुमान आत बसली.

रबर पेट्रोलने फुगतं हे नवीन नाही, म्हणून तर पेट्रोलच्या कामाला साधं रबर न वापरता नायट्राइल रबर वापरतात. गंमत पुढे आहे. हेच रबर नुसत्या पेट्रोलमध्ये ठेवलं तर थोडं फुगतं, नुसत्या इथेनॉलमध्येही थोडंच, पण दोघांच्या मिश्रणात दोन्हीपेक्षा जास्त फुगतं! आणि बऱ्याच रबरांच्या बाबतीत सगळ्यात जास्त फुगतं ते इथेनॉल १० ते २५ टक्क्यांच्या दरम्यान असताना, म्हणजे नेमकं आपण भरतोय तिथेच. ई८५ म्हणजे ८५ टक्के इथेनॉल, हे नाव ऐकायला जास्त भीतीदायक वाटतं पण या रबराला त्रास ई२० चा जास्त.

असं का? शाळेत शिकलोय की सारख्यात सारखं विरघळतं, तेलात तेल, पाण्यात मीठ. हा 'सारखेपणा' मोजायला रसायनशास्त्रात एक आकडा असतो, सोल्युबिलिटी पॅरामीटर, म्हणजे ढोबळमानाने त्या पदार्थाचे रेणू एकमेकांना किती घट्ट धरून बसलेत त्याचं माप. पेट्रोलचा १५-१६, इथेनॉलचा २६ च्या पुढे, आणि नायट्राइल रबराचा १९-२० च्या आसपास. द्रवाचा आकडा रबराच्या जितका जवळ तितका तो द्रव रबराच्या लांबलचक साखळ्यांमध्ये घुसतो, साखळ्या जागोजागी एकमेकींना बांधलेल्या असतात म्हणून रबर विरघळत नाही, फक्त फुगतं. पेट्रोल एका बाजूला लांब, इथेनॉल दुसऱ्या बाजूला लांब, आणि दोघांना मिसळलं की सरासरी रबराच्या जवळ सरकते. झालं. त्यात अजून एक भानगड अशी की शुद्ध इथेनॉलमध्ये त्याचे रेणू हायड्रोजन बंधांनी एकमेकांना धरून असतात, ते कशाला रबरात जातील, पण पेट्रोलच्या गर्दीत इथेनॉलचे रेणू थोडेच असतील तर हात धरायला आपलं माणूस कमी, म्हणून ते रबरातल्या ध्रुवीय नायट्राइल गटांकडे ओढले जातात, म्हणून फुगण्याचं शिखर साध्या सरासरीने काढलं असतं त्यापेक्षाही कमी इथेनॉलला येतं. हे शेवटचं नाही कळलं तरी चालेल, मला स्वतःला दोनदा वाचून कळलं होतं.

बरं, फुगलेलं रबर ओलं असेपर्यंत गळत नाही, उलट जागेवर घट्टच बसतं. गडबड वाळल्यावर होते. रबर मऊ राहावं म्हणून कारखान्यात त्यात प्लॅस्टिसायझर घातलेले असतात, आत शिरलेलं इंधन बाहेर पडताना ते बरोबर घेऊन जातं. मग रबर पहिल्यापेक्षा आकसतं, कडक होतं आणि चिरा पडतात. त्यामुळे रोज चालणाऱ्या गाडीपेक्षा सहा महिने टाकी कोरडी ठेवून उभी केलेली गाडी परत चालू केल्यावर गळण्याची शक्यता जास्त. पेट्रोलियम मंत्रालयानेच ऑगस्ट २०२५ च्या खुलाशात म्हटलंय की काही जुन्या गाड्यांचे रबरी पार्ट आणि गॅस्केट २०-३० हजार किलोमीटरनंतर बदलावे लागू शकतात. खर्च फार नाही हे त्यांचं म्हणणं बरोबर आहे, पण हे गाडीवाल्याला पंपावर कोणी सांगत नाही ही माझी तक्रार.

बाकी गोष्टी थोडक्यात. इथेनॉल जाळायला हवा कमी लागते (पेट्रोलला १४.७ पट, इथेनॉलला ९ पट), इंजेक्शनवाल्या गाडीत ऑक्सिजन सेन्सर हे ओळखून इंधन वाढवतो, कार्बोरेटरला बिचाऱ्याला कळतच नाही, म्हणून मिश्रण थोडं पातळ होतं, म्हणजे हवेच्या मानाने इंधन कमी पडतं, आणि सकाळी चोक जास्त वेळ धरावा लागतो. इथेनॉलमध्ये पाणी आणि थोडे क्षार आले की त्यातून वीज वाहते, आणि कार्बोरेटरची जस्ताची बॉडी, पितळेचे जेट असले की छोटीशी बॅटरीच तयार होते, बॉडीवर जमणारी पांढरी पावडर ती हीच. आणि "हवेतलं पाणी ओढून पेट्रोल फाटतं", म्हणजे त्या व्हिडिओसारखा थर खाली बसतो, याची जेवढी भीती घालतात तेवढी नको, ई१० मध्येच लिटरमागे पाचेक मिली पाणी विरघळून राहतं आणि ई२० मध्ये त्याहून जास्त. फाटतं ते बहुतेक वेळा टाकीच्या झाकणातून पावसाचं पाणी गेल्यावर.

मी स्कूटरची ती रिंग नंतर बदललीच, आता फ्लोरोइलास्टोमरची आहे, मेकॅनिक त्याला व्हायटॉन म्हणतो. तिच्यात फ्लोरिन असतं आणि ती या मिश्रणात फार फुगत नाही. जुनी मी टेबलाच्या खणात ठेवली होती. परवा सहज काढून वाकवून बघितली तर कट्‌कन मोडली.