ड्रम फिरतो, पण कपडे गारच

अमेरिकेत किंवा कॅनडात राहणाऱ्या मराठी घरांत हा अनुभव नवा नाही. तळघरातला विजेवर चालणारा ड्रायर नेहमीसारखा घरघरत असतो, ड्रम फिरत असतो, आणि 50 मिनिटांनी दार उघडून टॉवेल चाचपून पाहावेत तर ते आत टाकले तसेच ओले आणि गार लागतात. हीटरची कॉइल, म्हणजे हवा तापवणारी तार, जळाली असेल, हाच विचार सर्वांत आधी मनात येतो. कॉइल जळतेही, पण ती तपासण्याआधी ज्या दोन गोष्टी पाहायला हव्यात, त्या दोन्ही यंत्राच्या बाहेर असतात.

वॉशिंग मशीनमधून पिळून निघालेल्या चार किलो कपड्यांत सहज 2 किलो पाणी उरलेले असते. 1 किलो पाण्याची वाफ करायला सुमारे 2,400 किलोज्यूल उष्णता लागते. शाळेत शिकलेला बाष्पनाचा अप्रकट उष्मा तो हाच. 5,400 वॅटचा हीटर ही सगळी उष्णता थेंबभरही वाया न घालवता देऊ शकला, तरी या कामाला 15 मिनिटे लागतील. प्रत्यक्षात बरीच उष्णता हवेबरोबर घराबाहेर जाते आणि पाऊण तास लागतो. मोटारीला मात्र काहीशे वॅट पुरतात. गरजेत एवढी तफावत असल्यामुळे दोघांना वीजही वेगवेगळ्या रीतीने पुरवली जाते.

तिकडच्या घरात विजेच्या दोन जिवंत तारा आणि एक न्यूट्रल येते. कोणतीही एक जिवंत तार आणि न्यूट्रल यांच्यात 120 व्होल्ट, तर दोन जिवंत तारांमध्ये 240 व्होल्ट मिळतात. सर्वसाधारण ड्रायरमध्ये मोटार 120 व्होल्टवर आणि हीटर 240 व्होल्टवर चालतो. त्यामुळे 30 अँपिअरच्या जोडब्रेकरचा एकच भाग आतून सुटला, किंवा जुन्या घरातल्या दोन फ्यूजपैकी एकच उडाला, आणि मोटारीची जिवंत तार शाबूत असली, तर मोटार बिनघोर फिरत राहते आणि हीटर मात्र तापत नाही. आपल्याकडे ‘एक फेज गेलाय’ असे म्हणतात तेव्हा अर्ध्या इमारतीत दिवे असतात आणि अर्धीत अंधार. त्याच जातीचा हा बिघाड आहे. म्हणून ब्रेकरचा खटका आधी पूर्ण बंद करून पुन्हा चालू करावा. तो पुन्हा पडला तर इलेक्ट्रिशियनला बोलवावे, पुन्हा पुन्हा खटका वर करू नये.

दुसरी गोष्ट हवेची, आणि माझ्या मते खरी गोम इथेच असते. ड्रायर केवळ उष्णतेने कपडे वाळवत नाही; तापलेली, बाष्पाने भरलेली हवा पंख्याने सतत बाहेर लोटली जाते म्हणून ते वाळतात. ही हवा साधारण 4 इंच व्यासाच्या नळीतून घराबाहेर पडते. कपड्यांचे सुटे तंतू, ज्यांना सगळे लिंट म्हणतात, जाळीतून निसटून या नळीच्या वळणांत साचत जातात. अमेरिकेतल्या घरबांधणीच्या आदर्श नियमावलीत नळीची लांबी सर्वसाधारणपणे 35 फुटांपर्यंत मर्यादित ठेवली आहे आणि काटकोनातल्या साध्या वळणामागे त्यातून 5 फूट वजा केले जातात, यावरून एक वळण हवेला किती अडवते याची कल्पना येईल. ड्रायर चालू असताना बाहेरच्या भिंतीवरची झडप उचललेली आहे का आणि तिथे हाताला जोराचा झोत लागतो का, हे पाहायला कोणतेही हत्यार लागत नाही. लिंटची जाळीही नळाखाली धरावी: पाणी तिच्यावर साचून राहिले, तर कपडे मऊ करणाऱ्या द्रव्यांचा चिकट थर तिच्यावर बसला आहे असे समजावे आणि ती साबणाने घासून घ्यावी.

हवा अडली की हीटरभोवतीचे तापमान झपाट्याने चढते. त्यावर पहारा ठेवायला तिथे बशीसारखी किंचित फुगीर द्विधातू चकती असते. ठरलेल्या तापमानाला, अनेक यंत्रांत सुमारे 120 अंश सेल्सिअसला, ती टिचकन उलटी होते आणि वीज तोडते, आणि निवली की पूर्ववत होते. अशा अवस्थेत ड्रायर तापतो, थांबतो, पुन्हा तापतो, आणि कपडे दमटच राहतात. हा इशारा कुणी ओळखला नाही, तर शेवटी थर्मल फ्यूज, म्हणजे फार तापल्यावर वीज तोडणारा छोटा भाग, उडतो, आणि तो पुन्हा जुळत नाही. काही यंत्रांत तो मोटारीच्या वाटेवर असतो, म्हणजे सारेच बंद पडते. काहींत तो हीटरच्या वाटेवर असतो, आणि तिथे ड्रम फिरतो पण ऊब येत नाही.

हा फ्यूज तपासताना नुसते बटण बंद करून चालत नाही. प्लग भिंतीतून काढलाच पाहिजे. फ्यूजच्या एका टोकाची तार सोडवून मल्टिमीटरच्या दोन सुया त्याच्या दोन पातींना लावाव्यात. धड फ्यूज जवळजवळ शून्य ओहम दाखवतो; उडालेल्यातून काहीच वाट मिळत नाही. कॉइलसाठीही हीच रीत: 5,400 वॅटच्या कॉइलचा रोध 10 ते 11 ओहम यायला हवा. ही कॉइल निकेल आणि क्रोमियम यांच्या मिश्रधातूची, म्हणजे नायक्रोमची असते. लाल तापूनही ती वर्षानुवर्षे टिकते, कारण पृष्ठभागावर क्रोमियम ऑक्साइडचा पातळ थर बसून आतला धातू हवेपासून वाचतो. तरीही तापणे-निवणे यांच्या हजारो फेऱ्यांनी ती एखाद्या ठिकाणी तुटते, आणि मग ती बदलावीच लागते. गॅसवर चालणाऱ्या ड्रायरची तऱ्हा वेगळी. तिथे ज्योत पेटत नसेल तर काम जाणकारावर सोपवावे.

माझ्या पहिल्या ड्रायरचा फ्यूज मी बदलला आणि कपडे कडकडीत वाळू लागले. तीन आठवड्यांनी नवा फ्यूजही उडाला. मग नळी सोडवली. भिंतीत शिरण्याआधीच्या वळणावर नमद्यासारखा राखाडी थर बसला होता, बोटभर जाड, आणि त्यात मुलाच्या निळ्या स्वेटरचे तंतू वेगळे ओळखू येत होते. तो ओढून काढला, तेव्हा मधोमध हवेला जायला रुपयाएवढेच भोक उरलेले दिसले. तिसरा फ्यूज बसवायच्या आधी ती नळी बाहेरच्या झडपेपर्यंत ब्रशने साफ केली.