पार्श्वभूमी : खाली शार्क, ताटात मोरी आणि २००१ ची यादी

दिवाळीच्या सुट्टीत जळगाव, धुळे, शिरपूरहून गाड्या भरून मंडळी मालवणजवळच्या तारकर्लीला स्कूबाला, म्हणजे पाठीवर हवेची टाकी घेऊन समुद्रात बुडी मारायला, जातात. रबरी सूट चढवून बोटीच्या काठावर बसलं की कुणीतरी विचारतंच, "खाले शार्क ऱ्हास का भो?" बोटीवरचा पोरगा हसतो, आणि फोटोची वेळ होते. त्याच संध्याकाळी खानावळीत 'मोरी मसाला' येतो. खान्देशात मोरी म्हणजे भांडी घासायची जागा, त्यामुळे पाटीवरचं नाव वाचून क्षणभर घुटमळायला होतं. मग चव आवडते. मोरी म्हणजे लहान शार्क, हे बहुतेकांना परतीच्या वाटेवरही कळत नाही. मुंबई-रायगडकडे तिलाच मुशी म्हणतात. हातोड्यासारख्या डोक्याची ती कानमुशी.

'ओपन वॉटर' या शब्दाचाही असाच घोटाळा आहे. आपल्याकडे तो ऐकला की भर समुद्र, किनारा दिसेनासा झालेला, असं चित्र उभं राहतं. प्रशिक्षणाच्या भाषेत त्याचा अर्थ एवढाच, की तलावाच्या भिंतीबाहेरचं नैसर्गिक पाणी. 'ओपन वॉटर' प्रमाणपत्रवाल्याला १८ मीटरपर्यंत जायची मुभा असते, म्हणजे साधारण ६० फूट. मळ्यातल्या जुन्या विहिरीत पाठीला डबा बांधून पोहायला शिकलेल्यांना ही खोली डोळ्यांपुढे आणणं अवघड नाही. तारकर्लीला पर्यटकांची जी बुडी होते ती याहून कितीतरी उथळ, आणि तीही प्रशिक्षकाच्या हातात हात देऊन.

स्कूबाचं आजचं रूप १९४३ सालचं, फ्रान्समधलं. त्या पिढीचे अनेक पाणबुडे भाल्याची बंदूक घेऊनच उतरत, आणि शार्क समोर आला तर ती रोखत. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी नौदलाने सैनिकांना शार्क पळवायची एक वडी दिली होती, कॉपर अॅसिटेट आणि काळा रंग यांची. शार्कपेक्षा सैनिकांच्या धीरालाच तिचा उपयोग जास्त झाला म्हणायचा. १९७५ च्या एका अमेरिकी सिनेमाने भीती जगभर पोचवली. १९९३ मध्ये मालदीवमधल्या अभ्यासकांनी एक हिशेब मांडला: एका गाजलेल्या जागेवरचा एक करडा रीफ शार्क पाणबुड्यांकडून वर्षाला ३३,५०० डॉलर मिळवून देतो, आणि तोच मारून विकला तर एकदाच ३२ डॉलर. कापसाचा भाव रोज बघणाऱ्यांना हे गणित समजावून सांगायची गरज नाही. २०१० मध्ये मालदीवने शार्कची मासेमारीच बंद केली.

भारतात हिशेब वेगळ्या वाटेने गेला, आणि सगळा गुंता एका वर्षात झाला. तापी, गिरणा, पांझरा, नंदुरबारच्या उत्तर टोकाची नर्मदा, असं खान्देशचं सगळं पाणी शेवटी खंभातच्या आखातात जातं. त्या आखाताच्या पश्चिमेला सौराष्ट्राचा किनारा. तिथे वेरावळ भागात व्हेल शार्क दरवर्षी येतो. जगातला सर्वांत मोठा मासा, तोंड भलं मोठं, पण खातो सूक्ष्म जीव आणि बारीक मासळी. पूर्वी त्याच्या यकृताचं तेल काढून होड्यांना लावत. १९९० च्या दशकात मांसाला परदेशी गिऱ्हाईक मिळालं आणि शेकडोंनी शिकार सुरू झाली. (मराठी बातम्या त्याला सर्रास 'देवमासा' म्हणतात. देवमासा सस्तन प्राणी, हा मासा. एका शब्दाने किती वर्षं दिशाभूल करावी!) एका माहितीपटाने ही शिकार दिल्लीपर्यंत पोचवली, आणि २८ मे २००१ रोजी व्हेल शार्कला १९७२ च्या वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत जागा मिळाली. म्हणजे वाघाच्या पंगतीत.

इथवर वाद नव्हता. पण जुलै २००१ मध्ये केंद्राने सगळेच शार्क, पाकट (चपट्या अंगाचे, शार्कच्याच कुळातले मासे) आणि त्यांचे भाऊबंद त्याच अनुसूचीत टाकले. एका आदेशाने मालवणची मोरी, मुंबईची मुशी, तमिळ आणि आंध्र किनाऱ्यावरचा रोजचा माल वाघाइतका संरक्षित झाला. जाळ्यात मुशी सापडली की कोळी गुन्हेगार! जाळं काही मासा निवडून पकडत नाही, ही साधी गोष्ट आदेश लिहिताना कुणी विचारलेली दिसत नाही. किनाऱ्यावरच्या राज्यांतून ओरड झाली, आणि डिसेंबरमध्ये यादी दहा जातींवर आली.

ती दहांची यादी बघण्यासारखी आहे. त्यात तीन करवत-मासे, दोन पाकट, एक गिटारफिश. खरे शार्क चारच: व्हेल शार्क, गंगेतला शार्क, पाँडिचेरी शार्क आणि स्पिअरटूथ. शेवटचे तिघे इतके दुर्मीळ की पाणबुड्यांना ते दिसण्याची आशाच धरू नये. उलट अंदमान-लक्षद्वीपच्या प्रवाळात जे खरोखर भेटतात, पांढऱ्या टोकाचे, काळ्या टोकाचे आणि करडे रीफ शार्क, त्यांतला एकही यादीत नव्हता. जुलैचा आदेश कोळ्यांना न विचारता निघाला. डिसेंबरची माघार घेताना जिवंत शार्क बघायला पैसे मोजणारेही असतात हे कुणाच्या गावी नव्हतं. माझ्या मते दुसरी चूक जास्त महाग पडली, कारण ती वीसेक वर्षं टिकली.

गंमत म्हणजे त्याच २००१ मध्ये अमेरिकेत फ्लोरिडाने पाणबुड्यांनी शार्कला खाऊ घालायला बंदी केली. तिथे वाद शार्कची भेट कशी घ्यावी यावर होता, इथे त्याला खायचं की नाही यावर.

नंतर भारतात ऑगस्ट २०१३ मध्ये शार्कचे पंख कापून धड समुद्रात फेकायला मनाई झाली आणि फेब्रुवारी २०१५ मध्ये पंखांच्या निर्यातीला. २०२२ च्या दुरुस्तीने अनुसूच्या नव्याने लिहिल्या गेल्या. त्या १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत. या कलमांपेक्षा गुजरातेत २००४ पासून घडलेली गोष्ट मला जास्त भावते. एका लोकप्रिय कथाकार महाराजांनी कोळ्यांना सांगितलं, व्हेल शार्क ही बाळंतपणाला माहेरी येणारी लेक आहे, तिला मारू नका. ज्यांच्याकडे आखाजीला लेकी माहेरी येतात, झाडाला झोके बांधले जातात, त्यांना हे लगेच कळेल. कोळी आपली जाळी कापून तिला सोडू लागले. जाळ्याची भरपाई सरकार देतं.

माणसाला चावण्याचं म्हणाल तर २०२४ मध्ये जगभरात डिवचल्याशिवाय झालेले ४७ चावे नोंदले गेले, चार मृत्यू. त्यांत लाटांवर खेळणारे आणि पोहणारेच जास्त असतात, पाणबुडे थोडे. समोर शार्क आला तर त्याच्याकडे तोंड ठेवायचं, हातपाय झाडायचे नाहीत, पाठलाग करायचा नाही, एवढंच शिकवतात.

आपल्या राज्यात अलीकडे गाजलेला चावा तर स्कूबाच्या जागी झालाच नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये पालघर जिल्ह्यात मनोरजवळ, वैतरणेच्या खाडीत एका माणसाचा पाय शार्कने धरला. तो बुल शार्क होता असं अभ्यासकांनी सांगितलं. या जातीच्या माद्या पिल्लं घालायला नदीच्या मुखाकडेच येतात. २००१ च्या दहांत बुल शार्क नव्हता.