पटवर्धन, सुधीर

(१९४९ – ). मुंबई–ठाण्यातील कष्टकरी माणूस आणि बदलते शहर रंगवणारे चित्रकार व प्रदर्शन-संयोजक. जन्म पुण्याचा. तेथील सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयातून १९७२ मध्ये पदवी घेऊन पुढील वर्षी ते मुंबईत आले. १९७५ ते २००५ ठाण्यात क्ष-किरणतज्ज्ञ म्हणून व्यवसाय केला. चित्रकलेचे रीतसर शिक्षण नाही.

त्यांच्या चित्रांतील भरीव, जड मानवाकृती कोठून आली, याविषयी एकमत नाही. तिचा संबंध वैद्यकीय व्यवसायाशी जोडण्याचा प्रघात आहे. परंतु क्ष-किरण कातडी-मांस ओलांडून हाडापर्यंत जातात. पटवर्धनांची माणसे उलट कातडी-कपड्यांसकट अपारदर्शक, बाकावर टेकली की बाक दबावे अशा वजनाची. दवाखान्याने त्यांना रोज थकलेले, दुखरे देह जवळून दाखवले, एवढे मान्य करता येते. आकृतीची घडण मात्र फ्रेंच चित्रकार सेझानच्या अभ्यासातून आणि तरुणपणी स्वीकारलेल्या मार्क्सवादी दृष्टीतून आली असावी, हे मत अधिक ग्राह्य वाटते. इराणी रेस्टॉरंट (१९७७) व ट्रेन (१९८०) ही त्या काळातील महत्त्वाची चित्रे. १९८१ च्या ‘प्लेस फॉर पीपल’ या प्रदर्शनातील सहा चित्रकारांत भूपेन खख्खर, नलिनी मलानी यांच्यासह त्यांचा समावेश होता.

पुढे आकृती लहान होत गेली आणि शहर मोठे. १९९० च्या सुमाराचे पोखरण हे चित्र ठाण्याच्या पोखरण परिसराचे आहे, राजस्थानातील अणुचाचणीच्या स्थळाचे नव्हे. नामसाम्यामुळे घोटाळा होण्याचा संभव आहे. लोअर परळ (२००१) मध्ये गिरणगावाचे रूपांतर दिसते. त्यातील यथादर्शन (सपाट पटावर खोली व अंतर दाखवण्याची पद्धत) एककेंद्री नाही. पुलावरून चालत जाताना मान वळेल तसे दृश्य बदलावे, तशा अनेक नजरा एकाच पटावर सांधल्या आहेत. मुंबई प्रॉव्हर्ब्स (२०१४) हे सात फलकांचे चित्र.

‘विस्तारणारी क्षितिजे’ (२००८–०९) हे समकालीन भारतीय कलेचे प्रदर्शन त्यांनी संयोजित केले. ते महाराष्ट्रातील शहरांत फिरले. मूळ चित्रासमोर उभे राहण्याची संधी मुंबईबाहेरच्या मराठी रसिकाला क्वचितच मिळते, म्हणून या कामाचे मोल मोठे. अशा भूमिकेसाठी मराठीत ‘अभिरक्षक’ ही संज्ञा रूढ असली, तरी तीत संग्रह सांभाळणे अभिप्रेत आहे. येथे निवड आणि मांडणी हेच काम असल्याने ‘संयोजक’ अधिक नेमकी. २०१९ मध्ये मुंबईच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात त्यांचे सिंहावलोकनी प्रदर्शन भरले. त्याचे संयोजन नॅन्सी अदजानिया यांचे.