बियाफ्रा, लंडन आणि कलाबार: चूइटेल एजिओफॉर यांच्या कारकिर्दीची पार्श्वभूमी

'ट्वेल्व्ह इयर्स अ स्लेव्ह' या चित्रपटातील, पळवून नेऊन गुलाम केलेल्या सॉलोमन नॉर्थपच्या भूमिकेसाठी चूइटेल एजिओफॉर यांना फेब्रुवारी २०१४ मध्ये बाफ्टा या ब्रिटिश चित्रपट अकादमीचा सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचा पुरस्कार मिळाला आणि त्याच भूमिकेसाठी ऑस्करचे नामांकनही झाले, तेव्हा एखादा नवा नट अचानक पुढे आल्यासारखी चर्चा झाली. (रोमन अक्षरांवरून वाचले तर हे नाव 'चिवेटेल' होते; प्रत्यक्ष उच्चार 'चूइटेल'च्या जवळचा आहे.) वस्तुतः तोवर चित्रपटांत त्यांची सोळा वर्षे गेली होती आणि रंगभूमीवर त्याहून जास्त. मात्र त्यांच्या कामाचा उगम शोधायचा तर त्यांच्या जन्माच्याही दहा वर्षे मागे, १९६७ च्या नायजेरियात जावे लागते.

नायजेरिया १ ऑक्टोबर १९६० रोजी ब्रिटिशांपासून स्वतंत्र झाला, पण उत्तरेतील हौसा-फुलानी, नैर्ऋत्येतील योरुबा आणि आग्नेयेतील इग्बो या मोठ्या समाजांमधला अविश्वास स्वातंत्र्यानंतर वाढतच गेला. १९६६ मध्ये दोन लष्करी उठाव झाले, उत्तरेत नोकरी-व्यापारासाठी स्थायिक झालेल्या हजारो इग्बोंची कत्तल झाली, आणि ३० मे १९६७ रोजी त्या भागाचे लष्करी राज्यपाल ओजुक्वू यांनी आग्नेय नायजेरिया 'बियाफ्रा' या नावाने वेगळा झाल्याचे घोषित केले. जुलैत सुरू झालेले युद्ध जानेवारी १९७० पर्यंत चालले. नायजेरियाच्या केंद्र सरकारने बियाफ्राची नाकेबंदी केल्यामुळे गोळीने मेले त्याहून कितीतरी अधिक लोक, त्यातही लहान मुले, उपासमारीने मेले. ब्रिटनने या युद्धात केंद्र सरकारला शस्त्रे पुरवली होती, त्यामागे तेलाचे हितसंबंधही होते. तरीही या युद्धातून सुटलेल्या अनेक इग्बो कुटुंबांनी आसरा घेतला तो लंडनमध्येच. वसाहतीच्या इतिहासात असे विचित्र योग वारंवार दिसतात.

एजिओफॉर यांचे आई-वडील अशांपैकीच. वडील आरिंझे डॉक्टर होते आणि गायकही होते. आई ओबियाजुलू फार्मसिस्ट. चूइटेल यांचा जन्म १० जुलै १९७७ रोजी पूर्व लंडनमधील फॉरेस्ट गेट येथे झाला. १९८८ मध्ये एका लग्नासाठी नायजेरियाला गेले असताना, समारंभानंतर वडील आणि अकरा वर्षांचे चूइटेल मोटारीने लागोसकडे निघाले आणि वाटेत त्यांच्या गाडीची ट्रकशी समोरासमोर टक्कर झाली. वडील गेले, मुलगा गंभीर जखमी झाला. कपाळावरचे व्रण आजही पडद्यावर दिसतात. त्यांची धाकटी बहीण, सीएनएनच्या वृत्तनिवेदिका झेन अ‍ॅशर यांनी एका जाहीर भाषणात सांगितले आहे की, लंडनमध्ये आईला आधी एवढेच कळले होते की दोघांपैकी एक जण गेला. कोण, ते कळले नव्हते. पुढे या बाईंनी चारही मुलांना एकटीने वाढवले.

दक्षिण लंडनमधील डलिच कॉलेज या शाळेत चूइटेल यांना नाटकाची गोडी लागली. तेथून ते नॅशनल यूथ थिएटरमध्ये गेले आणि १९९५ मध्ये, वयाच्या अठराव्या वर्षी, त्यांनी शेक्सपिअरचा कृष्णवर्णीय सेनापती ऑथेल्लो उभा केला. नंतर लंडन अकॅडमी ऑफ म्युझिक अँड ड्रॅमॅटिक आर्टमध्ये त्यांना प्रवेश मिळाला, पण पहिल्याच वर्षी स्टीव्हन स्पीलबर्ग यांच्या 'अमिस्टाड'साठी (१९९७) निवड झाल्याने ते शिक्षण अर्धवट राहिले. १८३९ मध्ये आफ्रिकी कैद्यांनी गुलामांच्या जहाजावर केलेल्या बंडाची ही कथा आहे, आणि त्यांची भूमिका होती जेम्स कोव्ही या दुभाष्याची. हा कोव्ही स्वतः एकेकाळी गुलाम म्हणून विकला गेला होता आणि पुढे ब्रिटिश नौदलात खलाशी झाला होता. दोन्हीकडची भाषा जाणणारा, पण दोन्हीकडून थोडा परका राहिलेला असा माणूस एजिओफॉर यांना पहिल्याच मोठ्या चित्रपटात करायला मिळाला, आणि पुढेही अशी माणसे त्यांच्या वाट्याला येत राहिली.

त्यांपैकी सर्वांत महत्त्वाचा, माझ्या मते, स्टीफन फ्रिअर्स यांच्या 'डर्टी प्रिटी थिंग्ज'मधला (२००२) ओक्वे. नायजेरियात डॉक्टर असलेला हा माणूस लंडनमध्ये कागदपत्रांविना राहतो, दिवसा टॅक्सी चालवतो, रात्री हॉटेलच्या स्वागतकक्षात बसतो आणि त्याच हॉटेलमध्ये चाललेला मूत्रपिंडांचा चोरटा व्यापार त्याच्या नजरेस पडतो. वडील नायजेरियन डॉक्टर असलेल्या नटाने ही भूमिका करावी, हा योगायोग असेलही. पण ओक्वेचा संथपणा आणि आवाज न चढवता दाखवलेला ताठपणा पाहिला की 'ट्वेल्व्ह इयर्स'चा पाया इथेच घातला गेल्याचे जाणवते. या कामासाठी त्यांना ब्रिटिश इंडिपेंडंट फिल्म अवॉर्ड मिळाले. पुढच्या काही वर्षांत 'किंकी बूट्स', 'इनसाइड मॅन', 'चिल्ड्रेन ऑफ मेन', 'अमेरिकन गँगस्टर' असे चित्रपट आले. त्यांत काम चोख होते, पण मध्यवर्ती जागा बहुतेक वेळा दुसऱ्याची असे. ब्रिटिश पडद्यावर कृष्णवर्णीय नटांना मोठ्या भूमिका कमी मिळत, म्हणून या पिढीतील अनेकांना अमेरिकेची वाट धरावी लागली. ऑक्सफर्डमध्ये नायजेरियन कुटुंबात जन्मलेले डेव्हिड ओयेलोवो हे त्याचे दुसरे ठळक उदाहरण.

रंगभूमीवर मात्र त्यांचे स्थान पक्के होते. नॅशनल थिएटरमधील 'ब्लू/ऑरेंज'ने (२००० ) त्यांच्याकडे लक्ष वेधले आणि २००७ च्या अखेरीस लंडनच्या डॉनमार वेअरहाऊसमध्ये ते पुन्हा ऑथेल्लो झाले. खलनायक इयागोच्या भूमिकेत यूअन मॅकग्रेगर होते आणि नाट्यगृह अवघ्या २५१ खुर्च्यांचे, त्यामुळे तिकिटांसाठी झुंबड उडाली. देवलांच्या 'झुंझारराव'मुळे ही व्यक्तिरेखा मराठी रंगभूमीलाही ओळखीची आहे. इंग्लंडमध्ये मात्र तिला वेगळा, अवघड इतिहास आहे. आयरा ऑल्ड्रिज आणि पॉल रोबसन या कृष्णवर्णीय नटांनी अनुक्रमे १८३३ मध्ये आणि १९३० मध्ये लंडनमध्ये ऑथेल्लो केला होता, तरी १९६४ मध्येही नॅशनल थिएटरमध्ये लॉरेन्स ऑलिव्हिए चेहऱ्याला काळा रंग फासून ही भूमिका करत होते. त्याच ऑलिव्हिए यांच्या नावाचा पुरस्कार २००८ मध्ये एजिओफॉर यांना ऑथेल्लोसाठीच मिळाला.

यानंतरचे महत्त्वाचे वर्ष म्हणजे २०१३. त्या वर्षी त्यांचे दोन चित्रपट प्रदर्शित झाले आणि ते शेजारी ठेवून पाहिल्याशिवाय दोन्हीही पुरते कळत नाहीत. बियी बँडेले दिग्दर्शित 'हाफ ऑफ अ यलो सन' बियाफ्रा युद्धावर आहे. शीर्षकातला अर्धा पिवळा सूर्य हे बियाफ्राच्या ध्वजावरील चिन्ह. ज्या युद्धाने आई-वडिलांना देशाबाहेर लोटले, त्या युद्धात होरपळणाऱ्या ओडेनिग्बो या प्राध्यापकाची भूमिका एजिओफॉर यांनी केली. चित्रीकरण आग्नेय नायजेरियातील कलाबार येथे झाले. हे शहर अठराव्या शतकात गुलामांच्या व्यापाराचे मोठे बंदर होते, आणि तेथून निघणारी जहाजे ज्या आखातातून जात त्याचेच नाव पुढे ओजुक्वूंच्या राष्ट्राने घेतले. तेथील गुलामगिरीचे संग्रहालय पाहून आपण लुइझियानाला 'ट्वेल्व्ह इयर्स'च्या चित्रीकरणासाठी गेलो, असे त्यांनी मुलाखतींत सांगितले आहे. १८४१ मध्ये पळवून नेलेल्या आणि बारा वर्षे लुइझियानाच्या मळ्यांत राबवलेल्या नॉर्थपची भूमिका स्वीकारायला ते सुरुवातीला कचरले होते. कलाबारहून थेट लुइझियानाला पोचलेल्या या नटासाठी ती गोष्ट केवळ अमेरिकेची उरली नसावी. नायजेरियात मात्र 'हाफ ऑफ अ यलो सन'चे प्रदर्शन सेन्सॉर मंडळाच्या आक्षेपांमुळे २०१४ मध्ये काही महिने रखडले. चाळीस वर्षांनंतरही ते युद्ध तेथे नाजूक विषय होते.

त्यानंतर प्रसिद्धीबरोबर मोठे व्यावसायिक चित्रपट आले. 'द मार्शियन'मधील (२०१५) नासाच्या अधिकाऱ्याचा एक तपशील भारतीय वाचकांना रंजक वाटेल: मूळ कादंबरीत हे पात्र वेंकट कपूर आहे, त्यासाठी आधी इरफान खान यांना विचारले होते, पण ते 'पिकू'त गुंतले होते. एजिओफॉर आले तेव्हा वेंकटचा व्हिन्सेंट झाला आणि वडील हिंदू, आई बाप्टिस्ट असा खुलासा पटकथेत आला. 'डॉक्टर स्ट्रेंज'मधला मोर्डो आणि नव्या 'लायन किंग'मधल्या स्कारचा आवाज ही त्या पुढची कामे.

दिग्दर्शनाकडे ते वळले ते मात्र अगदी निराळ्या विषयांसाठी. 'द बॉय हू हार्नेस्ड द विंड' (२०१९) हा मलावीतील विल्यम कामक्वांबा या शाळकरी मुलाची खरी गोष्ट सांगतो: २००१-०२ च्या दुष्काळात फी न भरल्याने शाळा सुटलेल्या या मुलाने भंगारातल्या सायकलच्या भागांपासून पवनचक्की उभी केली. चित्रीकरण मलावीतच झाले आणि बरेचसे संवाद चिचेवा भाषेत ठेवले गेले. दुसरा चित्रपट 'रॉब पीस' (२०२४) वडील तुरुंगात असताना येल विद्यापीठापर्यंत पोचलेल्या एका अमेरिकी तरुणाचा आहे. दोन्हींची पटकथा त्यांचीच, दोन्हींत कथेच्या मध्यभागी मुलगा आहे आणि दोन्हींत एजिओफॉर यांनी स्वतःकडे भूमिका ठेवली आहे ती वडिलांची.