पाचोळा कुठला उचलायचा, कुठला राहू द्यायचा

पान वाऱ्याने तुटत नाही, झाड ते सोडून देते. दिवस लहान होऊ लागले की पानातून देठाकडे येणारे ऑक्झिन हे संप्रेरक आटते, देठाच्या बुडाशी असलेल्या पेशींच्या एका पातळ थरावर इथिलीन या दुसऱ्या संप्रेरकाचा प्रभाव वाढतो आणि त्या पेशींना एकमेकींशी जखडून ठेवणारा पदार्थ विरघळू लागतो. फांदीच्या बाजूने बुचासारखा थर धरतो. मग झुळूकही पुरते.

त्याआधी झाडाने आपली वसुली केलेली असते. पानातली प्रथिने मोडून त्यातले साधारण निम्मे किंवा अधिक नत्र (नायट्रोजन) आणि जवळपास तितकेच स्फुरद (फॉस्फरस) ते फांद्या-खोडात ओढून घेते. घर सोडणाऱ्याने भांडीकुंडी न्यावीत आणि भिंती मागे ठेवाव्यात, तसा हा प्रकार. अंगणात पडतात त्या भिंती: पेशींच्या भिंती घडवणारे सेल्युलोज आणि लिग्निन, थोडे कॅल्शियम आणि न वसूल झालेले उरलेसुरले. पाचोळ्याचे काय करायचे, हे या हिशेबावरूनच ठरते.

सुक्या पानांत नत्राच्या एका भागामागे कर्बाचे (कार्बनचे) 40 ते 80 भाग असतात. कुजवणाऱ्या जिवाणूंना 25 ते 30 मानवतात. म्हणून नुसत्या पानांचा ढीग महिनोन्‌महिने तसाच पडून राहतो आणि लोक समजतात, आपल्याला खत करणे जमत नाही. ढिगाला नत्र कमी पडते, एवढेच. कापलेले ओले गवत किंवा भाज्यांच्या साली मिसळा, ढीग कमरेइतका उंच आणि ओलसर ठेवा. आतले तापमान 55–60 अंश सेल्सियसपर्यंत चढते आणि अधूनमधून खालीवर केल्यास काही महिन्यांत खत तयार होते. दुसरा मार्ग आळशांचा, आणि मला तोच जास्त पटतो: जाळीच्या कुंपणात पाने भरा, ओल टिकू द्या आणि एक-दोन वर्षे विसरून जा. इथे ढीग तापत नाही, कारण काम मुख्यतः बुरशीचे असते. चिवट लिग्निन फोडणे बहुतेक जिवाणूंना जमत नाही, काही बुरशींना मात्र उत्तम जमते. हाती येणाऱ्या काळ्या, भुसभुशीत मालात नत्र बेताचेच, पण तो स्वतःच्या वजनाच्या कितीतरी पट पाणी धरून ठेवतो. मातीला त्याचा खरा उपयोग तोच.

हिरवळीवर जाड थर साचू देऊ नये, खालचे गवत उजेडावाचून पिवळे पडते. पण पाने गोळा करण्याचीही गरज नाही. सुकी असताना त्यांच्यावरून गवत कापायचे यंत्र फिरवले की तुकडे गवताच्या पात्यांमधून मातीवर उतरतात. अमेरिकेतल्या मिशिगन स्टेट विद्यापीठातल्या चाचण्यांत अशाने गवताचे नुकसान झाले नाही, उलट डँडेलियनसारखे तण कमी झाले.

झाडाझुडपांखाली मात्र यंत्रही नको आणि खराटाही नको. तिथल्या पानांत पतंगांचे कोष असतात, काजव्यांच्या अळ्या गोगलगायी शोधत फिरतात, भुंगमाशांच्या (बंबलबी) राण्या खालच्या मातीत हिवाळा काढतात. गांडुळे तर पाने थेट बिळात ओढतात. चार्ल्स डार्विनने बिळांतून अशी 227 पाने उपसून पाहिली. त्यातली 181, म्हणजे सुमारे 80 टक्के, टोकाकडून ओढलेली निघाली. अरुंद बाजू आधी आत जाते, हे डोळे नसलेल्या प्राण्याला कळते, याचे त्याला फार अप्रूप होते. त्याने हे 1881 साली छापले. पानांचा थर झाडाच्या बुंध्याला टेकणार नाही एवढे पाहा, नाहीतर साल कायम ओली राहते.

फरसबंदी, रस्त्याची कड आणि पन्हळी यांवरची पाने मात्र उचलायचीच, आणि पाऊस येण्याआधी. झाडाने वसूल न केलेले स्फुरद भिजलेल्या पानातून लवकर सुटते, गटारातून तळ्यात जाते आणि तिथे शेवाळ माजवते. अमेरिकेतल्या मॅडिसन शहरात रस्त्यांवरचा पाचोळा वेळेवर उचलून पाहिला, तेव्हा पानगळीच्या दिवसांत वाहून जाणारे स्फुरद 84 टक्क्यांनी आणि नत्र 74 टक्क्यांनी घटले.

जाळण्याबद्दल फार लिहावे लागू नये. दमट पाने नीट पेटत नाहीत, धुमसतात. अशा धुरात कार्बन मोनॉक्साइड, फुप्फुसात खोल शिरणारे सूक्ष्म कण आणि कर्करोगाला कारण ठरणारे बेंझोपायरीन असते. कचरा डेपोत गाडली, तर हवेवाचून कुजताना मिथेन सुटतो.

सगळीच पाने सारखी वागवून मात्र चालत नाही. सफरचंदावर खवड्या रोग आला असेल, तर त्याची बुरशी गळलेल्या पानांतच हिवाळा काढते आणि वसंतात बीजाणू उडवते. ती पाने झाडाखालून हलवावीत किंवा चांगल्या तापलेल्या ढिगात घालावीत. काळ्या अक्रोडाच्या पानांत जुग्लोन असते, टोमॅटोसारखी रोपे त्याने कोमेजतात. हवा आणि ओल मिळालेल्या ढिगात ते काही आठवड्यांत मोडते, म्हणून ही पाने आधी ढिगात आणि नंतरच वाफ्यात.