वय झालं म्हणजे स्मृतिभ्रंश ठरलेलाच? नाही

‘सत्तरी ओलांडली की मेंदूची जोडणी ढिली पडते आणि स्मृतिभ्रंश होतोच’, हे वर्षानुवर्षं ऐकवलं जातं. यातलं पहिलं बऱ्याच अंशी खरं, दुसरं साफ चूक.

निवांत बसून आठवणींत रमताना मेंदूचे दूरदूरचे भाग एका लयीत काम करतात. या भागांचं जाळं, म्हणजे ‘डिफॉल्ट मोड नेटवर्क’, वयानुसार निरोगी माणसांतही थोडं सैल होतं. उतारवयात ओळखीचं नाव ओठांवर अडतं आणि तासाभराने आपोआप आठवतं. अल्झायमर या स्मृतिभ्रंशाच्या सर्वांत जास्त आढळणाऱ्या कारणामध्ये याच जाळ्यात अमायलॉइड प्रथिन लवकर साचू लागतं, जोडणी कितीतरी जास्त बिघडते. मग दहा मिनिटांपूर्वीचं बोलणं खूण सांगूनही आठवत नाही. अशा वेळी ‘वयच झालंय’ म्हणून गप्प बसू नका, डॉक्टरांना दाखवा.

नुसत्या जोडणीच्या स्कॅनवरून मात्र कुणाचं भविष्य सांगता येत नाही.

‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाने नेमलेल्या तज्ज्ञ आयोगाच्या २०२४च्या अहवालात बदलता येण्याजोगे १४ धोके आहेत. ते सगळे दूर झाले तर स्मृतिभ्रंशाची सुमारे ४५ टक्के प्रकरणं टाळता किंवा लांबवता येऊ शकतील. उच्च रक्तदाब, मधुमेह, धूम्रपान त्यात आहेतच, पण बहिरेपणही आहे, आणि त्याकडे होणारं दुर्लक्ष मला सर्वांत जास्त खुपतं. ऐकू येईनासं झालं की माणूस गप्पांतून उठून जातो, एकटा पडतो. श्रवणयंत्राची लाज बाळगू नका.