बोर (शब्द)

बोर, छापील वळणात ‘बोअर’ : कंटाळवाणी गोष्ट, पिडणारा माणूस किंवा कंटाळलेली अवस्था यांसाठी मराठीत रुळलेला इंग्रजी शब्द. इंग्रजीत हा अर्थ अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात दिसू लागला. भोक पाडण्याचा अर्थ त्याहून कितीतरी जुना. दोन्हींचा संबंध आहे की नाही, हे कोशकारांना ठामपणे सांगता आलेले नाही.

विदर्भाच्या खेड्यात मात्र दोन्ही अर्थ शेजारीच नांदतात. वरूड-मोर्शीच्या संत्रापट्ट्यात पाणी खोल गेलेले, त्यामुळे ‘बोर’ म्हटले की आधी विंधन विहीरच आठवते. शिवाय बांधावरच्या बोरीचे बोर आहे. वर्धा जिल्ह्यात बोर नावाची नदी, तिच्यावरचे धरण आणि २०१४ साली जाहीर झालेला बोर व्याघ्र प्रकल्पही आहे. ‘काहून बोर मारून राह्यला बे?’ हा प्रश्न वावरात पाण्याचा असतो, पारावर बडबडीचा. घोळ टाळायला ‘बोअर’ लिहावे, तर तो दक्षिण आफ्रिकेतल्या डच वंशाच्या बोअर लोकांशी जुळतो. आणि डच भाषेत त्या शब्दाचा अर्थ निघतो शेतकरी!

कंटाळलेला आणि कंटाळवाणा यांना इंग्रजीत वेगळी रूपे आहेत. मराठीने एकावरच भागवले. पिक्चर बोर असतो, पाहणारा बोर होतो, त्याची गोष्ट सांगणारा बोर करतो. वऱ्हाडीत ‘मले लय बोर होऊन राह्यलं’ असेही म्हणतात.

‘कंटाळा’ याहून ऐसपैस. त्यात आळस येतो, नकोसेपणा येतो. पहाटे ओलिताला जायचा कंटाळा येतो, तिथे ‘बोर’ बसत नाही. पऱ्हाटीत दिवसभर निंदण करणाऱ्या बायाही बोर झालो म्हणत नाहीत; कंबर गेली म्हणतात. बोर व्हायला हात रिकामे लागतात : लाइन गेलेली, मोबाइलला रेंज नाही, ग्रामसभेचा कोरम भरत नाही. रानडुकरांपासून पीक राखायला जागलीवर बसलेल्या माणसाचे हातही रिकामेच असतात, पण त्याला झोपता येत नाही. तरुण पोरगा असेल तर तो ‘बोर’ म्हणतो. त्याचा आजा मात्र ‘कंटाया आला’ म्हणेल, कारण वऱ्हाडीत ‘ळ’चा ‘य’ होतो.